‘सर्व्हर डाउन’ ही सबब झाली, निदान नव्हे

शासनाची एखादी मोठी योजना जाहीर झाली की तिच्यापाठोपाठ एक वाक्य गावोगाव पोहोचते : ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ टाकळीभान, उंदीरगाव, पढेगाव, बेलापूर अशा श्रीरामपूर तालुक्यातील गावांना हे वाक्य नवे नाही. कर्जमाफी असो, पीकविमा असो, लाडकी बहीण असो की अकरावीचा प्रवेश. अर्ज ऑनलाइन झाला आणि रांग मात्र कार्यालयाच्या दारातून सेवा केंद्राच्या दारात गेली. पाऊस लांबला तर जसे आभाळाकडे पाहायचे, तसे संगणकाच्या पडद्यावरील फिरत्या चक्राकडे पाहत बसण्याची सवय आता साऱ्यांनाच जडली आहे.

परंतु संथ अर्ज ही निसर्गाची लहर नव्हे. संकेतस्थळावरील अर्ज हा कोणीतरी लिहिलेला असतो, त्याच्या प्रत्येक कृतीमागे आज्ञावलीच्या ओळी असतात, आणि तो अडखळतो तेव्हा त्यांतील ठरावीक जागी अडखळतो. ती जागा मोजून शोधता येते व बहुतेक वेळा दुरुस्तही करता येते. असे असताना आपल्याकडे या दुखण्यावर औषध म्हणून एकच गोष्ट दिली जाते, ती म्हणजे मुदतवाढ. या सवयीची किंमत कोण मोजतो, याचा विचार व्हायला हवा.

मुदतवाढींची मालिका

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेपासून सुरुवात करू. कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरावा, अशी अट घातली गेली. केंद्रांवर रात्री-अपरात्री रांगा लागल्या आणि १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. पन्नास लाखांहून अधिक अर्ज आले. पुढे दिवाळीत लाभ देण्याची वेळ आली तेव्हा एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती अशा विसंगती उघड झाल्या. घाईत व गर्दीत भरलेल्या अर्जांतील माहिती तपासण्यातच पुढचे काही महिने गेले.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा देण्याची योजना आली. अर्जांची संख्या दीड कोटीच्या वर गेली आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज १ जुलैपासून सुरू झाले. मुदत आधी १५ जुलै होती, ती ३१ ऑगस्ट झाली आणि पुढे आणखी वाढली. अर्जासाठी आधी मोबाइल अ‍ॅप होते, नंतर स्वतंत्र संकेतस्थळ आले. याच योजनेच्या लाभार्थींना सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा ओटीपी न येण्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. दोन महिन्यांची मुदत पुरली नाही व ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली.

अकरावी प्रवेशाचे उदाहरण श्रीरामपूरसारख्या शहराला अधिक जवळचे आहे. त्यापूर्वी केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या क्षेत्रांपुरता होता. २०२५ मध्ये तो प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाला आणि तालुक्याच्या गावातील मुलांनाही त्याच दारातून जाणे भाग पडले. १९ व २० मे रोजी सराव नोंदणीची सोय देण्यात आली होती. २१ मे रोजी प्रत्यक्ष नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. सरावात उभे राहिलेले दार खऱ्या गर्दीत पडले, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

किंमत कोण मोजतो?

मुदतवाढ मिळाली म्हणजे नुकसान झाले नाही, असा समज आहे. तो खरा नाही. समजा, केंद्रचालकाला एक अर्ज भरण्यास दहा मिनिटे लागतात. आठ तासांत तो ४८ अर्ज भरेल. तोच अर्ज संकेतस्थळाच्या संथपणामुळे चाळीस मिनिटे घेऊ लागला, तर दिवसाला १२ अर्ज होतील. उरलेल्या ३६ जणांनी त्या दिवशीची मजुरी बुडवून परत जायचे व उद्या पुन्हा यायचे. ज्या शेतमजूर बाईला घरून निघताना रोजावर पाणी सोडावे लागते, तिच्यासाठी ‘मोफत अर्ज’ हा शब्द फसवा ठरतो. चालकालाही प्रत्येक अर्जामागे ठरावीक मोबदला मिळतो. अर्ज रेंगाळला की त्याचीही कमाई घटते व जादा पैसे मागण्याचा मोह वाढतो.

यातील कायदेशीर त्रुटीही लक्षात घेतली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या कालावधीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु हा कालावधी अर्ज दाखल झाल्यापासून मोजला जातो. अर्ज दाखलच होत नसेल, तर त्या तीन दिवसांची वा तीन रात्रींची नोंद कोठेही होत नाही. हक्काचे घड्याळ दाराच्या आत लावलेले आहे आणि माणूस दाराबाहेर ताटकळत आहे.

अर्ज नेमका कोठे अडतो?

‘सर्व्हर डाउन’ या दोन शब्दांत किमान सहा-सात वेगवेगळे आजार एकत्र कोंबलेले असतात. येथे वर्णन केलेले दोष कोणा एका संकेतस्थळाचे नव्हेत. जगभरच्या संथ अर्जांत ते पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिला दोष पानाच्या वजनाचा. अर्जाला लागते नाव, गाव, खाते क्रमांक. पण पानावर आधी मोठी छायाचित्रे, सरकते फलक, शोभेचे फॉन्ट आणि डझनभर अनावश्यक फाइली उतरतात. संकेतस्थळांच्या वेगाचे अभ्यासक स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ मध्येच दाखवून दिले होते, की वापरणाऱ्याच्या प्रतीक्षेचा ८० ते ९० टक्के भाग पानाचा मूळ मजकूर आल्यानंतरच्या या लवाजम्यात जातो. शहरातील वेगवान जोडणीवर हा भार जाणवत नाही. खेड्यातील मोबाइलवर तो असह्य होतो.

दुसरा दोष यादीतून निवड करण्याच्या जागी असतो. जिल्हा निवडला की तालुके, तालुका निवडला की गावे दिसावीत, ही साधी अपेक्षा. काही अर्जांत प्रत्येक निवडीबरोबर संपूर्ण पान सर्व्हरकडे जाते आणि पुन्हा येते. आधी भरलेली सारी माहितीही लपलेल्या रकान्यातून दर फेरीत ये-जा करते. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे राज्यातील चाळीस हजारांहून अधिक गावांची यादी प्रत्येकाच्या फोनवर एकदम ओतणे. योग्य मार्ग मधला आहे. फक्त निवडलेल्या तालुक्याची छोटी यादी मागवावी आणि ती क्वचितच बदलत असल्याने जपूनही ठेवावी.

तिसरा दोष अतिउत्साही तपासणीचा. बँकेच्या शाखेचा अकरा अक्षरी संकेतांक टाइप करताना प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे विचारणा पाठवली, तर एका रकान्यासाठी अकरा फेऱ्या होतात. अक्षरे मोजणे, रिकामा रकाना दाखवणे ही कामे फोनवरच होऊ शकतात. अंतिम खातरजमा सर्व्हरने करायलाच हवी, पण ती एकदा.

चौथा दोष सर्वांत घातक, कारण तो पहिल्या दिवशी दिसत नाही. अर्ज साठवण्यापूर्वी ‘हा आधार क्रमांक आधी आला आहे काय?’ हे तपासावे लागते. येथे महसुली दप्तराचे उदाहरण घेता येईल. सातबारा गटवार असतो. एका खातेदाराची गावात कोठे कोठे जमीन आहे, हे पाहायचे तर आपण आठ-अ उघडतो. आठ-अ नसता, तर गावातील प्रत्येक सातबारा चाळावा लागला असता. माहितीसाठ्यातही अशी सूची करावी लागते. ती केली नसेल, तर प्रत्येक नव्या अर्जासाठी संगणक आधीचे सगळे अर्ज पहिल्यापासून चाळतो. चाचणीच्या वेळी शंभर अर्ज असतात, तेव्हा हे क्षणात होते. अर्ज वीस लाख झाले की तेच काम यंत्रणेला गुदमरवते. ‘सुरुवातीला चांगले चालत होते’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

पाचवा दोष दुसऱ्याच्या दारात थांबण्याचा. ओटीपी, आधार पडताळणी, बँकेची खातरजमा या सेवा अर्जाच्या संकेतस्थळाबाहेरच्या असतात. बाहेरून उत्तर येईपर्यंत संकेतस्थळ आपली खिडकी अडवून ठेवत असेल, तर अशा शंभर खिडक्या अडल्या की एकशे एकाव्या माणसाला पानसुद्धा दिसत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एक ट्रॉली अडली, की मागची सारी वाहने रस्त्यावर खोळंबतात. तसाच हा प्रकार.

सहावा दोष छायाचित्रांचा. आजच्या फोनवर काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. अर्जाला पन्नास केबीचा पुरतो. तो लहान करण्याचे काम अर्जाची आज्ञावली फोनवरच, पाठवण्यापूर्वी करू शकते. अनेक अर्ज मात्र संपूर्ण फोटो चढवून घेतात व शेवटी ‘आकार मोठा आहे’ म्हणून नाकारतात.

आणि सातवा दोष या सर्वांना गुणाकाराने वाढवणारा. वेळ संपली म्हणून अर्ज मध्येच पुसला जातो. माणूस पुन्हा पहिल्यापासून भरतो, घाबरून बटण तीनदा दाबतो. एका अर्जाची तीन अर्जांइतकी गर्दी होते. संथपणातून गर्दी आणि गर्दीतून अधिक संथपणा, असे हे चक्र आहे.

निदानाची रीत

या दोषांपैकी कोणता कोठे आहे, हे अंदाजाने सांगता येत नाही. मोजावे लागते, आणि त्यासाठी खर्चिक साधनांचीही गरज नाही. प्रत्येक प्रचलित ब्राउजरमध्ये, कोणती फाइल वा विचारणा किती वेळ घेते, हे दाखवणारी सोय फुकट असते. माहितीसाठ्यांमध्ये रेंगाळणाऱ्या शोधांची नोंदवही ठेवता येते. आणि कृत्रिम गर्दी निर्माण करून अर्ज किती भार पेलतो, हे योजना सुरू होण्यापूर्वीच पाहता येते. यातील शेवटची चाचणी खऱ्या अपेक्षित गर्दीच्या प्रमाणात व लाखो नमुना अर्ज आधीच भरून घेतली पाहिजे. अन्यथा सराव यशस्वी आणि प्रत्यक्ष दिवस फसलेला, ही गत पुन्हा होणार.

मोजताना सरासरीपासून सावध राहावे लागते. शंभर जणांपैकी ९५ जणांचा अर्ज दोन सेकंदांत पुढे सरकला आणि पाच जणांना साठ सेकंद लागले, तर सरासरी येते ४.९ सेकंद. अहवालात हा आकडा ठीक दिसतो. पण ते पाच जण बहुधा एकाच प्रकारचे असतात : दुबळी जोडणी, जुना फोन, दूरचे गाव. सरासरीने झाकलेली माणसे हीच या योजनांची खरी लाभार्थी असतात. म्हणून शंभरात सर्वांत मागे राहिलेल्या पाच जणांना किती वेळ लागला, हा आकडा पाहणे आवश्यक ठरते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेली मर्यादा येथे उपयोगी आहे. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर माणसाचे लक्ष उडते.

‘यंत्रे वाढवा’ हा यावरचा ठरलेला उपाय. त्यालाही मर्यादा आहेत. एका सर्व्हरवर एका वेळी शंभर विनंत्या हाताळता येतात असे धरा. प्रत्येक विनंती एका सेकंदात सुटली, तर सेकंदाला शंभर जणांचे काम होते. तीच आठ सेकंद अडली, तर सेकंदाला फक्त साडेबारा. म्हणजे आज्ञावलीतील एक अडथळा काढणे हे तसेच आणखी सात सर्व्हर विकत घेण्याइतके मोलाचे ठरू शकते.

दुरुस्ती शक्य आहे

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत आरोग्य विम्याच्या नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोसळले. त्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या सहा होती. पुढे बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांनी आधी मोजमापाची व्यवस्था लावली व मग एकेक दोष हाती घेतला. यंत्रेही वाढवली गेली, पण त्याबरोबर चारशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या. नोव्हेंबरअखेर आठ सेकंदांचा प्रतिसाद एका सेकंदाच्या आत आला. गर्दी वाढली तर लोकांना बाहेर फेकण्याऐवजी क्रमाने रांगेत थांबवण्याची सोयही करण्यात आली.

आपल्या देशातील रेल्वे तिकिटांचे उदाहरणही बोलके आहे. २०१४ मध्ये नवी आरक्षण प्रणाली आली आणि मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. जून २०१५ पासून तत्काळ आरक्षण वातानुकूलित डब्यांसाठी दहा वाजता आणि इतरांसाठी अकरा वाजता असे विभागले गेले. एकाच क्षणी उसळणारी गर्दी दोन भागांत वाटली गेली. तक्रारी संपल्या असे नव्हे. परंतु क्षमता वाढवणे आणि गर्दी वाटणे हे दोन्ही उपाय शासकीय यंत्रणेला जमतात, हे सिद्ध झाले.

गर्दी वाटून घेण्याची कल्पना या भागाला तर मुळीच परकी नाही. हरेगावच्या बेलापूर कंपनीपासून अशोकनगरच्या सहकारी कारखान्यापर्यंत साखरधंद्याची परंपरा असलेला हा तालुका. कोणताही कारखाना कार्यक्षेत्रातील सारा ऊस एकाच दिवशी गव्हाणीवर मागवत नाही. लागवडीच्या नोंदीनुसार तोडणीचा कार्यक्रम ठरतो आणि पाळीप्रमाणे ऊस येतो. मग लाखो अर्जदारांना एकाच तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत एकाच दारावर का बोलवावे? तालुकावार दिवस ठरवणे, अर्ज अर्धवट जपून ठेवणे, बटण तीनदा दाबले तरी नोंद एकच होणे, आणि माहिती मिळताच पोच देऊन आधार व बँकेची पडताळणी मागाहून करणे, हे उपाय तोडणीच्या कार्यक्रमाइतकेच व्यवहारी आहेत.

अर्जच लागणार नसेल तर?

याच्याही पुढे जाऊन एक प्रश्न विचारायला हवा. ही माहिती नागरिकाकडून पुन्हा मागण्याची गरज आहे काय? २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याने लांबलचक अर्ज भरला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मात्र अर्जाची अटच नव्हती. बँकांकडील माहितीवरून याद्या तयार झाल्या, पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली आणि शेतकऱ्याने फक्त आपले नाव पाहून आधार प्रमाणीकरण करायचे होते. अंमलबजावणीतील इतर प्रश्न बाजूला ठेवले, तरी जी माहिती सरकारी वा बँकेच्या दप्तरात आधीच आहे, ती रांगेत उभे करून पुन्हा भरून घेणे टाळता येते, हा धडा त्यातून मिळाला होता. तो पुढच्या योजनांत पुरेसा वापरला गेला नाही. जो रकाना काढून टाकला, तो कधीच संथ होत नाही.

मागणी काय असावी?

ग्रामीण भागात जोडणी दुबळी आहे, वीज जाते, लोक शेवटच्या दिवशी येतात. हे प्रशासनाचे म्हणणे खोटे नाही. पण या तिन्ही गोष्टी आधीपासून ठाऊक आहेत. ठाऊक असलेल्या परिस्थितीसाठी अर्ज घडवणे हेच तर काम आहे. कमी वजनाचा अर्ज दुबळ्या जोडणीवरही सरकतो, जपून ठेवलेला अर्ज वीज गेल्यावरही राहतो.

त्यामुळे लोकप्रतिनिधी, शेतकरी संघटना व विद्यार्थी संघटना यांनी मुदतवाढीच्या निवेदनांबरोबर काही नेमक्या मागण्या कराव्यात. योजना सुरू होण्यापूर्वी अपेक्षित गर्दीइतकी भार चाचणी घ्यावी व तिचा निकाल जाहीर करावा. साध्या फोनवर, तालुक्याच्या ठिकाणी, प्रत्यक्ष केंद्रचालकाकडून अर्ज भरवून पाहावा. कंत्राटात ‘शंभरातील ९५ अर्जदारांना इतक्या सेकंदांत प्रतिसाद’ ही अट असावी आणि ती मोडल्यास दंड असावा. अर्ज भरण्याचा प्रयत्न केल्याची नोंद व क्रमांक नागरिकाला मिळावा, म्हणजे यंत्रणेच्या दोषाने मुदत हुकली तर त्याच्या हाती पुरावा राहील. आणि संकेतस्थळ किती तास बंद वा संथ होते, याचा हिशेब रोज लोकांसमोर यावा. प्रत्येक बिघाडानंतर कारण काय होते व कोणती दुरुस्ती केली, हे एका पानात सांगितले, तरी पुढची योजना त्याच दगडाला ठेचकाळणार नाही.

ऑनलाइन कारभाराचे आश्वासन हेलपाटे वाचवण्याचे होते. टाकळीभानच्या माणसाचा तहसीलचा हेलपाटा वाचून त्याऐवजी सेवा केंद्राचे तीन हेलपाटे होणार असतील, तर कारभार सुधारला असे म्हणता येणार नाही. ‘सर्व्हर डाउन आहे’ या वाक्यानंतर यापुढे प्रश्न यायला हवा : नेमका कोठे, किती वेळ आणि कोणत्या कारणाने? या तिन्हींची उत्तरे देण्याची सोय त्या यंत्रणेतच असते. ती उत्तरे मागितली मात्र गेली पाहिजेत.